मध्यरात्री सीपॅपचा मास्क काढून टाकणाऱ्या रुग्णांबाबत मदत हवी आहे

हृदयविभागातून मी नुकतीच निद्राविकार विभागात नर्स प्रॅक्टिशनर म्हणून रुजू झाले आहे. झोपेत तासाला 30 किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडखळत असेल तर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडखळण्याचा आजार) तीव्र, हे रुग्णाला समजावणे आता जमते. अडचण त्यानंतरची आहे. रुग्ण सीपॅपचा (श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून झोपेत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क लावून झोपतो खरा, पण यंत्रातील नोंद पाहावी तर रात्री दोनच्या सुमारास वापर थांबलेला असतो, आणि विचारल्यावर ‘कधी काढला तेच कळत नाही’ एवढेच उत्तर मिळते (ते खरेही असावे). हवेतील ओलावा वाढवणे, मास्कचे माप बदलणे, दिवसा जागेपणी थोडा वेळ लावून सवय करणे, हे सारे करून झाले. अशा वेळी दाब बदलण्याविषयी डॉक्टरांशी नेमके केव्हा बोलावे, हे अनुभवी सहकाऱ्यांनी कृपया सांगावे.