मळ्यातला गारठा आणि १७५० ग्रॅमची लेक: बापाने छातीशी घेतलं तर चालेल का?

निफाडकर:
लेक ३२व्या आठवड्यात झाली, १४२० ग्रॅमची. नाशिकला २६ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आता १७५० आहे, उद्या घरी सोडताहेत. सिस्टरनी बायकोला बाळ उघड्या छातीशी बांधून घ्यायला शिकवलंय, पण तिचे सिझरचे टाके ओढतात, एकटीला दिवसभर झेपत नाही. आमचं घर मळ्यात. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, इतका गारठा. आई म्हणते, बाळाला उघडं करू नका, खोलीत शेगडी ठेवा. मी घेतलं तर चालेल का? फवारणीच्या औषधाचा वास अंगाला असतो, म्हणून हात लावायलाच भीती वाटते.

सिडकोची ताई:
दादा, नक्की घ्या. माझा मुलगा ३१व्या आठवड्याचा. हे सातपूरला रात्रपाळी करून यायचे, अंघोळ करायचे आणि तीन तास त्याला छातीवर घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी तर श्वाससुद्धा जपून घेत होते! तुम्हीही फवारणीनंतर डोक्यावरून अंघोळ करा, धुतलेले कपडे घाला, मगच बाळ.

बाळाला फक्त टोपडं, लंगोट, मोजे. उभं धरायचं, छातीला छाती, पाय बेडकासारखे. तोंड एका बाजूला, मान किंचित वर. हनुवटी छातीत रुतली की श्वास अडतो, तेवढं सारखं बघा. वरून सुती ओढणी घट्ट बांधा, मग शाल. पाठीला उशा लावून टेकून बसा. एकदा घेतलं की तासभर तरी हलवू नका, सारखी काढघाल केली की बाळ दमतं.

शेगडी मात्र नकोच, बंद खोलीत कोळशाचा वायू जीवघेणा. आईंना सांगा, आपण तिला उघडं नाही टाकत, अंगाची ऊब देतोय. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या दवाखान्यात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. आता जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. दोघांनी वाटून घ्या.

निवृत्त सिस्टर, पंचवटी:
पोट आणि तळवे हात लावून बघत जा. पोट गरम नि तळवे गार, म्हणजे तिला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले, दूध ओढेना, श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले तर वाट पाहू नका. छातीशी धरूनच दवाखाना गाठा. वजनाची तारीख चुकवू नका.

निफाडकर:
काल रात्री दीड तास घेतलं. आईने स्वतःच शेगडी ओसरीवर नेऊन ठेवली, मग येऊन तळव्यांना हात लावून पाहिला. गरम होते.