एकाच राज्याचे दोघं उभं राहिले तर घरची माणसं कोणाकडं जातात? (निक्की हॅले - टिम स्कॉट)

औसा_नाका

नमस्कार मंडळी. मी लातूरला अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षेची तयारी चालूय. रात्री टपरीवर चहा घेताना आमच्यात वाद झाला अन तो काही मिटंना म्हणून इथं टाकायलोय.

२०२४ च्या अमेरिकेच्या निवडणुकीआधी रिपब्लिकन पक्षाची जी प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारच मत देतात ती निवडणूक) झाली त्यात साउथ कॅरोलायनाचे दोन मोठे नेते उभं राहिलेले. एक निक्की हॅले, तिथल्या माजी गव्हर्नर, आईवडील पंजाबातून गेलेले. दुसरे टिम स्कॉट, सिनेटर. अन स्कॉटला सिनेटवर नेमलं कोणी तर २०१२ ला गव्हर्नर असताना हॅलेनंच. म्हणजे जिनं बसवलं तिच्याच विरोधात उभं. शेवटी हॅले बाईला स्वतःच्या राज्यात ट्रम्पनं पाडलं.

माझा मित्र म्हणतो साधी मतफुटी आहे, घरच्या दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली अन तिसरा आला, आपल्याकडं झेडपीला होतं तसं. मला ते पटंना पण खोडताही येईना. अन दुसरं म्हणजे तिथल्या कार्यकर्त्यांनी, पुढाऱ्यांनी ठरवलं कसं की कोणाच्या बाजूनं जायचं? दोघंही आपलेच की. कोणाला नीट माहिती असली तर सांगा, तारखांसकट सांगितलं तर लई बरं होईल, मित्र तारखेशिवाय ऐकत न्हाई.

गोदाकाठ

मित्राला सांग मतफुटी न्हाई. तारखा लिहून घे.

हॅलेनी फेब्रुवारी २०२३ मध्ये चार्ल्सटनला सभा घेऊन सुरुवात केली. स्कॉट २२ मे २०२३ ला नॉर्थ चार्ल्सटनमधून उतरले, म्हणजे जवळपास एकाच गावातून. पण स्कॉट १२ नोव्हेंबर २०२३ लाच बाहेर पडले, तवर एकाही राज्यात मत पडलेलं नव्हतं. साउथ कॅरोलायनाचं मतदान झालं २४ फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी मैदानात खरी लढत ट्रम्प अन हॅले अशी दोघांचीच होती, ट्रम्पला ५९.८ टक्के, हॅलेला ३९.५ टक्के. सरळ सरळ लढतीत २० टक्क्यांनी हारल्या. तिसरा कोणी मतं खायला होताच कुठं? मंग मतफुटी कशी म्हणायची.

तुझा दुसरा प्रश्न जास्त चांगलाय. पुढारी कोणाकडं गेले तर बहुतेक सगळे ट्रम्पकडं, अन ते हॅले उभं राहायच्या आधीच! जानेवारी २०२३ च्या शेवटी ट्रम्प कोलंबियाला (ती तिथली राजधानी) आले तेव्हा गव्हर्नर हेन्री मॅकमास्टर अन सिनेटर लिंडसे ग्रॅहम त्यांच्या शेजारी उभे होते. हे मॅकमास्टर हॅलेच्या हाताखाली लेफ्टनंट गव्हर्नर होते, २०१७ ला हॅले संयुक्त राष्ट्रसंघात राजदूत म्हणून गेल्या म्हणून त्यांना गव्हर्नरपद मिळालं. तिथल्या खासदारांपैकी हॅलेच्या बाजूनं एकटे राल्फ नॉर्मन राहिले. स्कॉटनी माघार घेतल्यावर दोन महिने कोणालाच पाठिंबा दिला नव्हता, मंग १९ जानेवारी २०२४ ला न्यू हॅम्पशायर या दुसऱ्या राज्यात ट्रम्पच्या स्टेजवर जाऊन दिला, तिथलं मतदान चारच दिवसांवर असताना. मला विचारशील तर हॅलेला सगळ्यात जास्त लागलं असंल तर ते हे. मतं गेल्याचं दुःख वेगळं अन ज्याला आपण पुढं आणला तो ऐन टायमाला समोरच्या स्टेजवर दिसणं वेगळं.

पाटोदेकर

गोदाकाठ भाऊ तुम्ही मतफुटी न्हाई म्हणालात ते आकड्यात बरोबर असंल पण मला वाटतं फूट मतदानाच्या दिवशी पडतच नसती, ती आधीच पडलेली असती. माझ्या घरातलं सांगतो.

आमच्या गावातून एकदा बाजार समितीला दोघं उभं राहिले, एकाच वाडीतले, एकमेकांच्या लग्नाकार्यात पंगतीला वाढणारे. माझे वडील सोसायटीचे मेंबर म्हणजे मत त्यांच्याकडं. एक उमेदवार आईच्या माहेरकडून नात्यातला, अन दुसऱ्यानं दुष्काळात आम्हाला दोन महिने कडबा दिलेला, पैसे नंतर द्या म्हणून, मागितलेही न्हाईत त्यानं कधी. वडलांना रात्र रात्र झोप येईना. दोघांचीही माणसं रोज दारात. शेवटी वडलांनी काय केलं तर कोणाच्याच प्रचाराला गेले न्हाईत. आजारी पडल्यासारखं घरात बसले. अन असं एकटे आमचे वडीलच न्हाई, वाडीतले चाळीस-पन्नास लोक तसेच बसले, जे दर निवडणुकीला मोटरसायकल काढून सगळी गावं पालथी घालायचे. शेजारच्या गावचा माणूस निवडून आला. मतं मोजली तर दोघांची बेरीज त्याच्यापेक्षा जास्त न्हवती बरं का, म्हणजे फुटली न्हाईत हे हिशोबानं खरं. पण एकच उभं असता तर ते पन्नास लोक बाहेर पडले असते अन बाहेरच्या गावांतली मतं आणली असती. तो हिशोब कुठल्या कागदावर येतो?

म्हणून म्हणतो, स्कॉट नोव्हेंबरमध्ये गेले पण मे ते नोव्हेंबर सहा महिने साउथ कॅरोलायनातल्या कार्यकर्त्यांनी अन पैसे देणाऱ्यांनी काय केलं असंल? बसले असतील आमच्या वडलांसारखे.

टॅम्पा_ते_सिडको

पाटोदेकर दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी २०१५ ते १७ फ्लोरिडात टॅम्पाला कामाला होतो (आता परत संभाजीनगरला, सिडकोत), तिथं हीच गोष्ट डोळ्यांनी बघितली, फक्त माणसं वेगळी. २०१६ ची रिपब्लिकन प्रायमरी, जेब बुश अन मार्को रुबिओ.

बुश १९९९ ते २००७ फ्लोरिडाचे गव्हर्नर. रुबिओ आधी वेस्ट मायामी नावाच्या छोट्या शहराच्या कमिशनवर, मंग विधानसभेत, मंग सभागृहाचे स्पीकर. २००५ मध्ये रुबिओ पुढचे स्पीकर ठरले त्या कार्यक्रमात बुशनी त्यांना तलवार भेट दिली! आपल्याकडं सत्कारात देतात तशी. म्हणजे गुरुशिष्याचं नातं तिथं सगळ्यांना माहीत होतं. दोघांची घरं पण जवळजवळ, एक कोरल गेबल्स अन एक वेस्ट मायामी, दोघंही स्पॅनिश बोलणार, दोघांना पैसे देणारे लोकही बरेचसे तेच.

रुबिओंनी १३ एप्रिल २०१५ ला मायामीच्या फ्रीडम टॉवरमधून उमेदवारी जाहीर केली, क्यूबातून आलेल्या लोकांची नोंदणी जिथं व्हायची ती इमारत. बुशनी १५ जूनला, मायामीतूनच. बुशच्या बाजूच्या राइट टू राइज या सुपर पॅकनं (उमेदवारासाठी बाहेरून पैसे जमवून खर्च करणारी संस्था) पहिल्या सहा महिन्यांतच १० कोटी डॉलरच्या वर पैसे जमवले. अन त्यातले केवढे तरी पैसे टीव्हीवर कोणाच्या विरोधात जाहिराती करण्यात गेले माहितीय का, ट्रम्पच्या न्हाई, रुबिओच्या. ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये बुश रुबिओला म्हणाले की तू सिनेटमधल्या मतदानाला हजर राहत न्हाईस, राजीनामा दे, अन रुबिओनी जागेवरच परतवून लावलं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसातले बुशचे लोक उतरल्या चेहऱ्यानं बोलायचे.

बुश २० फेब्रुवारी २०१६ ला बाहेर पडले. फ्लोरिडाचं मतदान १५ मार्चला. म्हणजे इथंही मतदानाच्या दिवशी घरचा एकच उमेदवार होता. तरी ट्रम्प ४५.७ अन रुबिओ २७ टक्के. ६७ पैकी ६६ काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारख्या) ट्रम्पच्या, रुबिओकडं फक्त मायामी-डेड राहिली. अन फ्लोरिडात तेव्हा जो पहिला येईल त्याला सगळेच्या सगळे ९९ डेलिगेट (पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मिळायचे, दुसऱ्याला शून्य. रुबिओंनी त्याच रात्री माघार घेतली.

औसा_नाका

बापरे तलवारीचं माहीतच नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. पाटोदेकर दादा तुमच्या वडलांची गोष्ट वाचून गप बसलो थोडा वेळ. आमच्या इथं तर एका जिल्ह्यात निलंगेकर, विलासराव, चाकूरकर अशी तीन तीन मोठी माणसं झाली, आजोबा म्हणायचे आपण कोणाच्या गटाचे हे विचारल्याशिवाय सोयरीक सुद्धा पुढं सरकत नव्हती.

पण एक शंका. मंग असं म्हणायचं का की हॅले एकटी असती तर जिंकली असती? अन डेलिगेट सगळे ट्रम्पला गेले का साउथ कॅरोलायनात पण?

परभणी_राज्यशास्त्र

मी कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते म्हणून दोन गोष्टी सांगते, अन पाटोदेकर भाऊंच्या म्हणण्याला थोडा विरोध करते.

आधी डेलिगेटचं. साउथ कॅरोलायनात एकूण ५० होते. २९ राज्यभरातून पहिला येणाऱ्याला, अन लोकसभेसारखे जे ७ मतदारसंघ आहेत तिथं प्रत्येकी ३, त्या मतदारसंघात जो पहिला त्याला. ट्रम्पना ४७ मिळाले अन हॅलेना ३. हे तीन कुठले तर पहिल्या मतदारसंघातले, चार्ल्सटन किनाऱ्याकडचा. आता इथं बघा गंमत न्हाई, फार शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्या मतदारसंघाच्या खासदार नॅन्सी मेस. २०२२ ला ट्रम्पनी मेस यांच्या विरोधात दुसरीला पाठिंबा दिलेला, तेव्हा हॅले मेसच्या प्रचाराला उतरल्या अन मेस निवडून आल्या. जानेवारी २०२४ मध्ये मेसनी पाठिंबा दिला ट्रम्पना. अन तरीही त्या मतदारसंघातले मतदार हॅलेसोबत राहिले. खासदार गेली, लोक न्हाई गेले! बाकी सहा मतदारसंघांत उलटं, तिथं लोकच ट्रम्पकडं होते, बहुतेक पुढारी त्यांच्या मागून गेले.

म्हणून भाऊ, कार्यकर्ते घरात बसले म्हणून हारले हे बाजार समितीला लागू पडतं कारण तिथं मतदार मोजके अन ओळखीचे. प्रायमरीत लाखो लोक मत देतात. आपल्याकडं तिकीट पक्ष देतो, मुंबई-दिल्लीच्या चकरा माराव्या लागतात, तिथं तिकीट मतदार देतात. अन साउथ कॅरोलायनात पक्षाची नोंदणीच नसते, ३ फेब्रुवारीला डेमोक्रॅटिक प्रायमरीत ज्यानं मत दिलं नसंल असा कोणीही मतदार २४ तारखेला रिपब्लिकनमध्ये मत देऊ शकत होता. हॅलेना याचा फायदाच झाला असणार. एवढं असूनही २० टक्के अंतर राहिलं, म्हणजे स्कॉट आले नसते तरी त्या जिंकल्या असत्या असं मी म्हणणार न्हाई.

अजून एक, हे लोक कोणाच्या बाजूनं गेले याला जुना धागा आहे. फेब्रुवारी २०१६ ला हॅले अन स्कॉट दोघंही एकाच स्टेजवर होते, कोणासाठी? रुबिओसाठी. ग्रॅहम त्याआधी स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, डिसेंबर २०१५ ला माघार घेऊन नंतर बुशकडं गेले. मॅकमास्टर मात्र जानेवारी २०१६ लाच ट्रम्पसोबत, जेव्हा तिथल्या पदावरचा दुसरा कोणी मोठा माणूस जात नव्हता. त्या साली गव्हर्नर हॅले अन सिनेटर स्कॉट दोघंही रुबिओमागं असून साउथ कॅरोलायना जिंकली ट्रम्पनी, पन्नासच्या पन्नास डेलिगेट. बुशनी माघार घेतली ती याच निकालाच्या रात्री. मला वाटतं २०२३ ला तिथले पुढारी एवढ्या लवकर ट्रम्पच्या शेजारी जाऊन उभे राहिले त्याचं कारण तिथं आहे. आपल्या शब्दाला आपल्या राज्यात किती वजन आहे हे त्यांनी २०१६ ला बघितलेलं होतं.

पाटोदेकर

ताई तुमचं मान्य, हॅले जिंकली असती असं मी पण म्हणत न्हाई. पण फ्लोरिडाचं बघा की, तिथं १० कोटी डॉलर जमवून त्यातले कितीतरी घरच्याच माणसाविरुद्ध उधळले, ते नुकसान मतमोजणीत कुठं दिसतं? अन आमच्या वडलांचं मी सांगितलं ते हारण्याजिंकण्यासाठी न्हाई सांगितलं. त्या दोघांतला एक गेला आता. वडील त्याच्या मातीला गेले तेव्हा दुसरा पण आलेला, दोघं बाजूबाजूला उभे होते, बोलले न्हाईत.

औसा_नाका

ताई खूप खूप आभार, पहिल्या मतदारसंघाचं तर आमच्यात कोणालाच माहीत नसणार. आज रात्री वहीच घेऊन जातो टपरीवर. टॅम्पावाले दादा एकच शेवटचं विचारतो, बुशनी माघार घेतल्यावर तुमच्या ऑफिसातले बुशचे लोक रुबिओकडं गेले का? गुरु गेला तर शिष्याला द्यायला पाहिजे न मत.

टॅम्पा_ते_सिडको

सगळ्यांचं मला माहीत न्हाई, एका शेजाऱ्याचं सांगतो. साठीचा माणूस, बुश गव्हर्नर असल्यापासून त्यांचा भक्त, अंगणात त्यांच्या नावाची पाटी रोवलेली. २००४ ला लागोपाठ चार चक्रीवादळं आली तेव्हा बुशनी कसं काम केलं हे तो प्रत्येकाला सांगायचा, मला तर तीनदा सांगितलं. २० फेब्रुवारीनंतर त्यानं पाटी काढली. मी विचारलं आता रुबिओची लावणार का, तर म्हणाला त्यानं जरा थांबायला पाहिजे होतं, एवढंच. बुशनी स्वतः पण फ्लोरिडाच्या मतदानाआधी रुबिओला पाठिंबा दिला न्हाई, रुबिओ बाहेर पडल्यावर आठवड्याभरानं दिला तो टेड क्रूझला, टेक्सासच्या माणसाला.

१५ मार्चला तो मत द्यायला गेला का न्हाई मी विचारलं न्हाई. पाटी रोवलेल्या जागेवरचं गवत मात्र बरेच दिवस पिवळं होतं, ऑफिसला जाताना रोज दिसायचं.