मदत हवी आहे: बहिणीला रॅलीत नेव्हिगेटर व्हायचंय, आणि ट्रिप मीटर जुळत नाहीये (इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला ऑफ-रोड आणि रॅलीच्या क्षेत्रातच काम करायचंय, तेही नेव्हिगेटर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारी. घरी रोज ह्याच विषयावर वाद होतो. आई-बाबांना सांगायला काहीतरी ठोस हवं. ह्यात लोकांची आयुष्यं उभी राहतात का? राहिली असतील तर कोणाची आणि कशी?
दुसरं जास्त तातडीचं आहे. पुढच्या रविवारी तिचा पहिला इव्हेंट आहे आणि ट्रिप मीटर (गाडीने कापलेलं अंतर मोजणारं यंत्र) काही केल्या जुळत नाही. मंदिरापाशी रोडबुकात (आयोजकांच्या वाटेच्या वहीत) एक आकडा आणि आमच्याकडे भलताच. मीटर खराब झालं का? नवीन मागवायचं असेल तर आजच ऑर्डर द्यावी लागेल. कृपया लवकर सांगा.

ट्यूलिप
गाडी कोणती? मीटर चाकावरच्या सेन्सरवर चालतं की जीपीएसवर? रोडबुकात किती आकडा होता आणि तुमच्याकडे किती आला? इव्हेंट टीएसडी (ठरलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या वेळेला पोचायची रॅली) आहे की क्रॉस कंट्री (रस्ता सोडून, वेगाची)? हे कळल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

सुदामानगर
एवढं डोकं लावण्यापेक्षा थार घ्या. त्यातही १८ इंची चाकांची नको, १६ इंचीवाली बघा. २४५/७५ आर १६ ला टायरची भिंत १८४ मिमी मिळते, २५५/६५ आर १८ ला १६६. हवा कमी केली की हाच फरक कामी येतो, रिम दगडावर आपटत नाही.

रामबागकर
गाडी घ्यायची नाहीये हो, गाडी आहे. जिप्सी. मीटर सेन्सरवालं आहे. रोडबुकात १२.४०, आमचं ११.७८. इव्हेंट टीएसडी.

जुना गिअर
टीएसडी म्हणजे घड्याळ आणि गणित. त्याला ऑफ-रोड म्हणवत नाही. मुलीला खरंच ह्या क्षेत्रात यायचं असेल तर आधी गाडी चिखलातून बाहेर काढायला शिकवा. आपल्या माळव्याची काळी माती पावसात काय करते ते चोरलच्या बाजूला जाऊन बघा. मड टेरेन टायरच्या खाचा पहिल्या शंभर मीटरांत भरतात, मग तोच टायर गुळगुळीत होऊन फिरत बसतो. वाळूत दाब उतरवला की गाडी तरंगते, काळ्या मातीत तेवढ्याने भागत नाही. चाक फिरवत राहिलं तर गाडी डिफरन्शियलच्या गोळ्यावर बसते आणि मग ओढणाऱ्यालाही आवरत नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, उतरायचं, चारही चाकांपुढची माती फावड्याने उतरती कापायची आणि मगच दोर लावायचा. विंच, म्हणजे गाडीवरचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, पाहिजेच.

ट्यूलिप
काका, रविवारी तिला विंच लागणार नाही. टीएसडी चालू रस्त्यावर होते, अडकलं तर मागून स्वीपची, म्हणजे मागे राहिलेल्यांना बघणारी, गाडी येते.
@रामबागकर, जिप्सीचे टायर मूळचे आहेत का? मूळ माप २०५/७० आर १५. आणि मीटर शेवटचं कॅलिब्रेट (खऱ्या अंतराशी जुळवून) कधी केलं, टायर बदलायच्या आधी की नंतर?

रामबागकर
टायर दिवाळीत बदलले. २१५/७५ आर १५ टाकले. कॅलिब्रेशन आधीच्या मालकाने केलं होतं. त्याचा काय संबंध?

ट्यूलिप
सगळा संबंध तिथेच आहे. मीटर ठीक आहे, ऑर्डर देऊ नका.
२०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी, २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३. म्हणजे चाक एका फेरीत ५ टक्क्यांहून थोडं जास्त अंतर कापतं, पण मीटर अजून जुन्याच चाकाच्या हिशोबाने मोजतंय. १२.४० भागिले ११.७८ करा, १.०५२६ येतं. टायरच्या मापातून १.०५३ येतं. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतायत.
आता ह्याचा परिणाम बघा. त्या टप्प्याला सरासरी ताशी ३६ किमी दिली असेल तर गाडी सेकंदाला १० मीटर जायला हवी, म्हणजे १२.४० ला आदर्श वेळ २० मिनिटं ४० सेकंद. बहिणीच्या मीटरवर तिथे ११.७८ दिसणार, त्याची वेळ १९:३८. मीटर कमी दाखवतं म्हणून तिला वाटणार आपण मागे आहोत, ती ड्रायव्हरला पळवणार आणि कंट्रोलवर (वेळ नोंदवतात त्या जागी) ६२ सेकंद आधी पोचणार. लवकर येण्याचा दंड बहुतेक ठिकाणी उशिराच्या दुप्पट असतो, म्हणजे उशिराला सेकंदाला एक गुण धरला तर एका कंट्रोलला १२४ गुण गेले. शेवटून पहिल्या येण्याची ही सगळ्यात नेहमीची वाट आहे.

पीथमपूरकर
सहमत. कॅलिब्रेशन करताना हायवेचे किलोमीटरचे दगड धरू नका. रस्ता चौपदरी करताना ते हलवलेले असतात. आयोजकांचा ओडो चेकचा (मीटर तपासायला मोजून दिलेला) टप्पा मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या रोडबुकातला निदान ५ किमीचा, कमी वळणांचा तुकडा घ्या. टायरमध्ये इव्हेंटला असेल तीच हवा, गाडीत दोघं बसलेले, टायर १०-१५ मिनिटं चालून गरम झालेले. शून्य करताना आणि वाचताना खूण दर वेळी एकाच रेषेत धरा, डाव्या दरवाजाचं बिजागर खुणेसमोर आला की बटण.
मीटरमधला कॅलिब्रेशनचा नंबर बदलताना मात्र आधी मीटरची पद्धत बघा. नंबर म्हणजे एका पल्सचं (सेन्सरच्या एका ठोक्याचं) अंतर असेल तर जुन्या नंबराला १.०५२६ ने गुणा. नंबर म्हणजे किलोमीटरमधले पल्स असतील तर ०.९५ ने. उलटं केलं तर चूक ५ ची १० टक्के होते. ही गडबड फार होते, मग लोक मीटरला दोष देतात.

जुना गिअर
जीपीएसवालं ॲप लावा आणि सोडा हे सगळं.

ट्यूलिप
नको. सिमरोलसारख्या घाटात हेअरपिनला जीपीएस कोपरे कापतं आणि अंतर कमी भरतं. झाडीखाली ते आणखी उड्या मारतं. दुसरी नजर म्हणून डॅशवर चालेल, तेही त्या वर्गात परवानगी असेल तर. सप्लिमेंटरी रेग्युलेशन (त्या इव्हेंटची नियमावली) वाचल्याशिवाय काहीही लावू नका.

रामबागकर
हे कळलं, फार आभार. उद्या करतो. पण माझा पहिला प्रश्न राहिलाच. आई म्हणते, शेजारी बसून आकडे वाचण्याचं कोणी करिअर करतं का?

पीथमपूरकर
करतात. आईंना इटलीच्या नेव्हिगेटर फॅब्रिझिया पॉन्स ह्यांचं नाव सांगा. १९८१ ची सानरेमो रॅली मिशेल मूतों ह्यांनी जिंकली, जागतिक रॅली स्पर्धेत बाईने जिंकलेली ती पहिली रॅली. डाव्या-उजव्या दोन्ही सीटवर बायकाच होत्या, नोट्स वाचणाऱ्या पॉन्स. पुढे त्या डकार ह्या वाळवंटातल्या लांब रॅलीत जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट ह्यांच्या शेजारीही बसल्या. क्लाइनश्मिट ह्यांची वाट तर तुमच्या घरात सांगण्यासारखी आहे. शिक्षण तंत्रशाखेचं, नोकरी बीएमडब्ल्यूत, १९८८ ला मोटरसायकलवर पहिली डकार आणि २००१ ला पजेरोमध्ये पूर्ण रॅली जिंकली. डकारची मुख्य गाड्यांची स्पर्धा जिंकलेली ती आजवरची एकमेव बाई. तेव्हा शेजारी आंद्रेआस शुल्ट्झ होते, आणि २००३ ला हिरोशी मासुओका जिंकले तेव्हाही नेव्हिगेटर तेच. दोन वेगळे ड्रायव्हर, नेव्हिगेटर एकच. नेव्हिगेटरच्या सीटची किंमत ह्याहून स्पष्ट कशी सांगणार?

सुदामानगर
ही जर्मनी-इटलीची उदाहरणं इंदूरच्या आईला पटणार नाहीत. तिथे कंपन्या पैसा ओततात.

पीथमपूरकर
मग कासरगोडचे मुसा शरीफ घ्या. भारतीय रॅलीत नेव्हिगेटर म्हणून त्यांनी जे नाव कमावलं ते बऱ्याच ड्रायव्हरांनाही जमलेलं नाही. पुण्याचे ड्रायव्हर संजय टकले घ्या, आशियातल्या रॅल्या करत २०२५ ला डकार क्लासिकपर्यंत (जुन्या गाड्यांच्या डकारपर्यंत) पोचले. रॅली ड्रायव्हर गौरव गिलना २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टला मिळालेला पहिला. अर्थात खरं तेही सांगतो, फक्त नेव्हिगेशनवर घर चालवणारे आपल्याकडे फार थोडे. बाकीचे नोकरी किंवा धंदा सांभाळून करतात. बहिणीचं शिक्षण काय? हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

रामबागकर
मेकॅनिकल डिप्लोमा. दुसरं वर्ष संपलं.

पीथमपूरकर
हे आधी सांगायचं नं! मग अर्धा प्रश्न सुटला. पीथमपूर तुमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे नॅट्रॅक्स ह्या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, शिवाय ब्रेकचे, चढाचे, हाताळणीचे वेगळे ट्रॅक. फोर्सची गुरखा तिथेच बनते, पुढे-मागे दोन्हीकडे मेकॅनिकल डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप) असलेली गाडी. चाचणी विभागात डिप्लोमावाल्यांना काम असतं: सेन्सर बसवणं, डेटा घेणं, ठरलेल्या वेगाने ठरलेल्या फेऱ्या मारून घेणं, प्रत्येक खडखडाटाची नोंद वेळेसकट लिहिणं. नेव्हिगेटरलाही हीच शिस्त लागते. डिप्लोमा पूर्ण होऊ द्या, शेवटच्या वर्षाचं ट्रेनिंग तिथे मिळवायचा प्रयत्न करा, आणि शनिवार-रविवार रॅली. आईंना पगाराची चिंता आहे, त्याचं उत्तर हे.

जुना गिअर
आणि मी पुन्हा सांगतो, दोर हाताळायला शिकवा. क्रॉस कंट्रीत गाडी रुतली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरच राहतो, खाली उतरतो नेव्हिगेटर. हूक तोच लावतो, खूण तोच करतो. टीएसडीवर कोणी थांबत नाही, पुढे जायचं तर हे लागणारच.

ट्यूलिप
हे मान्य, काका. पण विंचच्या आधी स्नॅच स्ट्रॅप (रुतलेली गाडी ओढायचा ताणणारा पट्टा) शिकवा. आणि हलक्या गाडीला हलकाच. जिप्सी मुळात ९८५ किलोची, केज (आतला सुरक्षा पिंजरा), सामान आणि माणसं धरून १,४०० च्या आसपास. स्ट्रॅपची तुटण्याची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन पट हवी. लोक दणकट म्हणून ११ टनी स्ट्रॅप आणतात, तो एवढ्या वजनाला ताणतच नाही, साखळीसारखा झटका देतो आणि हूकाचा जोड चॅसीतून उपटून निघतो. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) तर कधीच अडकवायचा नाही, तो तुटला की गोळीसारखा काचेतून आत येतो.

जुना गिअर
शॅकलची (दोर जोडायच्या कडीची) पिन हाताने पूर्ण आवळून अर्धा आटा सैल सोडायची, नाहीतर ओढल्यावर ती जाम होते आणि पान्याने पण निघत नाही. विंचचं म्हणाल तर ड्रमवर लिहिलेली ताकद फक्त पहिल्या थराची असते, वर प्रत्येक थराला ती उतरत जाते. म्हणून दोर जास्तीत जास्त सोडून ओढायचं, पण स्टीलच्या दोराचे निदान ५ वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, सिंथेटिकचे ८ ते १०. दोरावर मधोमध जाड गोधडी किंवा डॅम्पर टाकायचा. स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावला तर विंचवरचा भार अर्धा होतो, पण ब्लॉक ज्या झाडाला बांधला त्याच्यावर विंचवरच्या भाराच्या दुप्पट येतो. बाभळीच्या पोरसवदा झाडाला बांधू नका.

सुदामानगर
सिंथेटिक दोर आपल्याकडे टिकतो का? उन्हाने सडतो म्हणतात.

जुना गिअर
झाकून ठेवला तर टिकतो. त्याचा खरा शत्रू चिखलातली रेती, ती धाग्यांच्या आत शिरून आतून कापते. वापरला की बादलीत साध्या पाण्यात भिजवून धुवायचा, सावलीत वाळवायचा. पण ह्याला वेगळा धागा काढा, मुलीचा प्रश्न राहील बाजूला.

ट्यूलिप
रविवारसाठी बहिणीला एवढं करायला लावा. सुरुवातीला अधिकृत घड्याळाशी स्वतःचं घड्याळ सेकंदाला सेकंद जुळवायचं, मोबाइलच्या वेळेवर विसंबायचं नाही. रोडबुक हातात पडताच सरासरी बदलण्याच्या प्रत्येक जागी एकूण वेळ आधीच लिहून ठेवायची. समजा १२.४० ला ३६ ची ४२ झाली आणि पुढची खूण २०.१० ला आहे. मधलं अंतर ७.७०, भागिले ४२, गुणिले ३६००, म्हणजे ६६० सेकंद. २०:४० मध्ये ११ मिनिटं मिळवली, ३१:४०. हे गाडी हलायच्या आधी झालं पाहिजे. रोडबुकातल्या ट्यूलिपच्या (वळणाच्या आकृतीच्या) चित्रात गोळा म्हणजे आपण आलो ती बाजू, बाण म्हणजे जायची. वळण आकृतीवरून सांगायचं, "डावीकडे वाटतंय" असं म्हणायचं नाही. आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) त्या वर्षीचं लायसन्स काढलंय ना? रेग्युलेशनमध्ये ग्रेड लिहिलेली असते.

रामबागकर
लायसन्स आहे. आज कॅलिब्रेशन केलं, नंबर पल्सवाला निघाला, ०.९५ ने गुणला. आता १२.४० ला १२.३८ येतंय. अजून २० मीटर कमी! पुन्हा करू का? आणि रविवारी पाऊस सांगितलाय, त्याने काही बिघडेल का?

पीथमपूरकर
पुन्हा करू नका. ३६ च्या सरासरीला २० मीटर म्हणजे २ सेकंद. तिने पक्क्या खुणेपाशी, म्हणजे पूल, तिठा किंवा मंदिर आलं की मीटर रोडबुकाच्या आकड्यावर आणायचं. वळणाच्या मधोमध दुरुस्ती करायची नाही.
पावसाचं म्हणाल तर सेन्सर कोणत्या चाकावर आहे ते बघा.

रामबागकर
मागच्या.

पीथमपूरकर
तो काढून पुढच्या डाव्या चाकावर घ्या. टू-व्हील ड्राइव्हमध्ये जिप्सीची मागची चाकं फिरवली जातात. चिखलात ती जागच्या जागी फिरली की मीटर न कापलेलं अंतर मोजतं, आणि तेव्हा चूक उलट बाजूची येते: गाडी आहे त्याहून पुढे आहे असं वाटतं, ती ड्रायव्हरला थांबवते आणि उशीर होतो. पुढची चाकं फोर-हाय (चारही चाकं चालवणारा गिअर) लावल्याशिवाय नुसती लोटली जातात, ती खरं सांगतात. चाकावरचे मॅग्नेट (सेन्सर मोजतो ते) तेवढेच ठेवले तर नंबर जवळपास तोच राहील, तरी त्याच तुकड्यावर एकदा तपासा. सेन्सर आणि मॅग्नेटमधली फट पूर्वी होती तेवढीच ठेवा. वायर बांधताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, चाक जॅकवरून खाली लोंबकळत सोडून ढील बघा. ताणून बांधलेली वायर घाटाच्या पहिल्याच हेअरपिनला तुटते.