प्रतिसाद: राणी रामपाल फक्त टोकियोपुरती नाही
भारतीय महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपाल हिचं नाव टोकियो ऑलिंपिकमधल्या संघाच्या चौथ्या क्रमांकामुळे झालं, असं म्हणतात; पण हे अर्धंच खरं. माझ्या मते तिचा खरा सामना नोव्हेंबर २०१९ चा, भुवनेश्वरचा. ऑलिंपिक पात्रतेसाठी अमेरिकेशी दोन लढती होत्या. पहिली आपण ५-१ अशी जिंकली आणि सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच ०-४! एकूण ५-५. पोटात गोळाच आला होता. ४८व्या मिनिटाला कर्णधार राणीनं गोल केला आणि ६-५ नं टोकियोचं तिकीट हाती आलं. तो गोल नसता तर टोकियोची गोष्टच घडली नसती.

आणि ही मुलगी हरियाणातल्या शाहाबादची, वडील गाडी ओढून घर चालवायचे. प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्याकडे सरावाला अर्धा लिटर दूध न्यावं लागे. घरी तेवढं परवडत नसे, म्हणून ती त्यात पाणी मिसळायची, असं तिनंच सांगितलंय. पुढे २०१० च्या विश्वचषकात, वयाच्या पंधराव्या वर्षी, सात गोल. २०२० मध्ये पद्मश्री आणि खेलरत्न दोन्ही.

२०२४ मध्ये निवृत्त झाली तेव्हा २५४ सामने नावावर होते. बातमी मात्र आमच्याकडे क्रिकेटखाली कुठेतरी कोपऱ्यात.