नाशिकला त्रिशंकू महापालिका आली तर बिघडलं कुठे?
(जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी झालेली चर्चा)

गोदाकाठचा

पंधरा जानेवारीला मतदान, सोळाला मोजणी. आठवडाभर रविवार कारंज्यावर जी प्रचाराची रिक्षा येते, तिच्या भोंग्यातून एकच विनवणी ऐकू येते: 'एकहाती सत्ता द्या, मग बघा!' पक्ष कुठलाही असो. माझा प्रश्न साधा आहे. का द्यायची?

दोन्ही प्रयोग आपण करून बसलोय. २०१२ ला १२२ पैकी मनसेला ४०, बहुमताला हवेत ६२. यतिन वाघ महापौर झाले ते भाजपच्या पाठिंब्यावर, आणि २०१४ ला त्याच मनसेचे अशोक मुर्तडक झाले ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या. या खिचडीला कंटाळून २०१७ ला आपण भाजपला ६६ दिले. मुख्यमंत्री फडणवीसांनी प्रचारात नाशिक दत्तक घेतलं होतं, आठवतंय ना? पदरात काय पडलं, तर त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ असा जेमतेम किलोमीटरभराचा स्मार्ट रोड. तो खणलेला बघता बघता आमच्या सोसायटीतली पोरगी दहावीची बारावीला गेली. (थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.)

आणि २०१८ ची गंमत विसरू नका. तुकाराम मुंढे आयुक्त, घरपट्टीची वाढ, सगळं शहर पेटलेलं. सत्ताधारी भाजपनेच त्यांच्यावर अविश्वास आणला आणि मुंबईहून निरोप आल्यावर मुकाट मागे घेतला. ६६ नगरसेवक असूनही! एकहाती सत्ता म्हणतात तो हात महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नव्हताच.

त्रिशंकू सभागृहात निदान समोरच्याला डॉकेट, म्हणजे विषयांचे कागद, वाचायला लावता येतं. एकाच पक्षाचं राज्य असलं की ऐनवेळचे विषय गठ्ठ्याने मंजूर होतात आणि आपल्याला इतिवृत्त आल्यावर कळतं. माझं मत: कुणालाही ६२ मिळू नयेत.

पवननगरची वहिनी

भाऊ, गंगापूर रोडला राहत असाल तर हा शौक परवडतो तुम्हाला. आम्हाला सिडकोत नाही परवडत.

आमच्या प्रभागात मागच्या वेळी चौघं दोन पक्षांचे निवडून आले होते. गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं. एकाकडे गेलो, म्हणाला, 'हे त्यांच्या निधीतलं काम.' त्यांच्याकडे गेलो, म्हणाले, 'सत्ता त्यांची आहे, त्यांना विचारा.' शेवटी गल्लीने वर्गणी काढून खासगी माणूस बोलावला. एका प्रभागात ही गत, मग अख्ख्या शहराची त्रिशंकू खिचडी झाल्यावर कुणाचा गळा धरायचा? एकाच पक्षाची सत्ता असली तर पाच वर्षांनी घरी बसवता तरी येतं. मनसेला ४० वरून ५ वर आणलं ना आपणच?

आणि स्मार्ट रोड मोजताय तर सिटीलिंकही मोजा. एसटीची शहर बस मोडकळीला आली होती, ८ जुलै २०२१ ला महापालिकेची स्वतःची बस आली. माझी मुलगी तिच्यातच बसून कॉलेजला गेली. तोट्यात चालणारी बस अंगावर घ्यायला सभागृहात पाठीशी आकडा लागतो.

गोदाकाठचा

वहिनी, बसचा मुद्दा मान्य. पण मनसेला घरी बसवलं ते खिचडी असतानाच की! म्हणजे खिचडीतही लोकांना कळतं कुणाला धरायचं ते.

शिवाय मनसेच्या त्याच पाच वर्षांत पांडवलेण्याजवळचं वनोद्यान टाटांच्या पैशातून उभं राहिलं, होळकर पुलावर पाण्याचा पडदा आला, गंगापूर रोडला शस्त्रांचं संग्रहालय झालं. बहुमत नव्हतं म्हणून बाहेर हात पसरायला लागले, आणि ते पसरले.

पेन्शनर बाबू

मी एका महापालिकेत तीस वर्षं नगरसचिवांच्या खात्यात टेबल सांभाळलं. कुठल्या ते विचारू नका. दोघंही ६२ या आकड्याभोवती नाचताय, म्हणून राहवलं नाही.

महापौर निवडताना हात वर करून मतदान होतं आणि हजर असलेल्यांतली मतं मोजतात. १२२ पैकी बारा जण त्या दिवशी 'आजारी' पडले, तर ५६ वर महापौर होतो. त्यामुळे फोडायला प्रत्येक वेळी माणूस विकत घ्यावा लागत नाही, घरी बसवला तरी भागतं. तटस्थ हा शब्द मी जेवढ्या वेळा इतिवृत्तात लिहिलाय तेवढा ज्ञानेश्वरीतही नसेल.

पण महापौर ही शोभेची खुर्ची. पैसा स्थायी समितीत. तिथे १६ सदस्य, पक्षांच्या तौलनिक संख्याबळाप्रमाणे. ६६ असले की साधारण नऊ तुमचे, ४० असले की पाच. पाच जणांच्या जिवावर सभापती आणायचा तर उरलेल्या अकरांतले चार तरी हवेत. आणि दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात, म्हणजे हा बाजार पाच वर्षांत एकदा भरत नाही, दरवर्षी भरतो. गोदाकाठच्या भाऊंना जी चर्चा वाटते, ती आत बसलेल्याला बोली वाटते. मी त्रिशंकूही पाहिली, बहुमतही पाहिलं. त्रिशंकूत विषय 'तहकूब' जास्त होतात. तहकूब का झाला ते सभागृहात कुणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर बोलतात.

मुंढेंच्या अविश्वासाबद्दल एक दुरुस्ती. आयुक्ताला हटवायला एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतं लागतात, नाशकात ७७. भाजपचे ६६ पुरलेच नसते, विरोधकांची साथ घ्यावीच लागली असती, आणि विरोधक तेव्हा करवाढीवर कमी तापलेले नव्हते. म्हणजे अडलं ते आकड्यावर नाही, आदेशावर. तो भाग तुमचा बरोबर आहे.

सातपूरचा भाचा

बाबूकाका, बहुमत असलं की बाजार भरत नाही असं कोण म्हणालं? २०१९ च्या नोव्हेंबरात महापौर निवडायचा होता. भाजपकडे ६६ निवडून आलेले, तरी नगरसेवक सहलीला नेले होते. राज्यात सरकार बदलायची चिन्हं दिसताच इथे पक्क्या बहुमताला घाम फुटला. सतीश कुलकर्णी शेवटी बिनविरोध झाले, पण बहुमतवाल्यांना स्वतःचीच माणसं लपवावी लागत असतील तर त्या बहुमताला अर्थ काय?

आणि परवा तीस डिसेंबरला एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदासाठी, इच्छुक गाड्यांमागे धावले, विल्होळीच्या फार्महाऊसपर्यंत, ते अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. ही निष्ठा घेऊन हे सभागृहात जाणार! त्यांना ८० द्या नाहीतर २० द्या, माणसं तीच.

पवननगरची वहिनी

माणसं तीच, हे खरंय. म्हणून तर म्हणते, त्यांच्या हातात भाव करायची संधी तरी देऊ नका ना. चोराला घरात घ्यायचंच असेल तर किल्ल्या चार जणांत कशाला वाटता?

गोदाकाठचा

चौघांत वाटल्या की कुलूप उघडायला चौघं एकत्र यावे लागतात, वहिनी! :)

गंमत सोडा. मुंबईचं उदाहरण घ्या. २०१७ ला २२७ पैकी शिवसेना ८४, भाजप ८२. भाजप महापौराच्या शर्यतीतून बाहेर पडली आणि आम्ही पहारेकरी म्हणून बसू, असं जाहीर केलं. ८२ जणांचा पहारा! असा विरोध नाशिकला कधी मिळाला? २०१७ नंतर इथे शिवसेनेचे ३५ होते, बाकी काँग्रेस ६, राष्ट्रवादी ६, मनसे ५. पाच-सहा जणांचा गट काय पहारा करणार?

पेन्शनर बाबू

मुंबईची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेची वाट धरली. दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त गेले की पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाची पळवाट आहे. पक्ष जितका लहान तितकं ते सोपं. सहाच्या गटात चार जण फोडायला कितीसा वेळ लागतो? तुमच्या त्रिशंकूचा पाया हे असले छोटे गटच असतात.

मालेगावचा जावई

कुणी मालेगावचं नाव कसं काढलं नाही? घरचं उदाहरण सोडून मुंबईला कशाला जाता. २०१७ ला ८४ जागांत काँग्रेस २८, राष्ट्रवादी २०, शिवसेना १३. महापौर काँग्रेसचा झाला, कुणाच्या जोरावर? शिवसेनेच्या! महाविकास आघाडीचं नावही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. सासरेबुवा हे इतक्या अभिमानाने सांगतात की जणू शोध त्यांनीच लावला.

पण पुढचं सांगताना गप्प होतात. जानेवारी २०२२ मध्ये महापौरांसकट काँग्रेसचे जवळपास सगळे नगरसेवक राष्ट्रवादीत गेले. ज्यांनी पंजाला मत दिलं त्यांचं मत एका दिवसात घड्याळाला. एकत्र नांदायला त्रिशंकूने शिकवलं हे खरं, पण सामान बांधून ठेवायलाही शिकवलं.

तपोवनातला एक

तुमची सगळी चर्चा वाचली. माझ्या मते तुम्ही अशा घराच्या किल्ल्यांवर भांडताय, ज्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे.

मार्च २०२२ पासून नाशिकला नगरसेवकच नाहीत. पावणेचार वर्षं प्रशासक. घंटागाडी आली, पाणी आलं, खड्डेही आले, म्हणजे शहर चालतंय. आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्टमध्ये अमृतस्नान. त्याच्या निर्णयांसाठी सरकारने वेगळं कुंभमेळा प्राधिकरण नेमलं, ते विभागीय आयुक्तांच्या हाताखाली. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची ठरली तेव्हा आम्ही झाडाखाली उभे होतो. गाऱ्हाणं घालायला एकही नगरसेवक नव्हता, कारण ते पदच रिकामं होतं. उद्या सभागृहाने झाडांच्या बाजूने ठराव केला, तरी सरकार महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. मग ते सभागृह त्रिशंकू असो की चौशंकू.

गोदाकाठचा

तपोवनकर, तुमचं दुखणं कळतं. पण तोच माझा मुद्दा आहे! ठराव विखंडित करायला आधी ठराव व्हावा लागतो. राज्यात ज्याचं सरकार त्याचंच इथे बहुमत असलं तर तुमच्या झाडांवर विषयच येणार नाही पटलावर. वरून फोन येईल आणि विषय डॉकेटवरून गायब. तीन-चार पक्ष असले तर एक तरी उठून लक्षवेधी मांडेल. सरकारला तो ठराव रद्द करताना निदान सही करावी लागेल, तारीख टाकावी लागेल.

तपोवनातला एक

सही-तारखेची सावली पडत नाही हो. पण ठीक आहे, काहीच नसण्यापेक्षा बरं.

पवननगरची वहिनी

आणि उलटंही होतं. वर एक, खाली दुसरा, मग निधी अडतो. वर तीच माणसं असली तर पैसा लवकर येतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

सातपूरचा भाचा

वहिनी, येतो का? २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर झाले. तेव्हा दिल्लीत भाजप, महापालिकेत भाजप. २०२२ पासून राज्यातही सत्तेत. टायरवर धावणारी का होईना, मेट्रो कुणाला दिसली असेल तर फोटो टाका. माझा मामा द्वारकेच्या सिग्नलला अजून वाट बघतोय, मेट्रोची नाही, सिग्नलची.

पेन्शनर बाबू

एक गोष्ट सगळे विसरताय. २०१२ ला दोन-दोन नगरसेवकांचे प्रभाग होते, २०१७ ला चारचे, आणि आताही ३१ प्रभाग, त्यातले २९ चारचे आणि दोन तीनचे. चारच्या प्रभागात पॅनल चालतं. एक वजनदार उमेदवार उरलेल्या तिघांना ओढून नेतो. त्यामुळे त्रिशंकू व्हावी की न व्हावी हे बऱ्याच अंशी प्रभाग आखतानाच ठरतं. गोदाकाठच्या भाऊंना खरंच त्रिशंकू हवी असेल, तर त्यांनी चार मतं चार ठिकाणी टाकावीत आणि शेजाऱ्यांनाही सांगावं. नुसतं इथे लिहून होत नाही.

अजून एक. महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत अजून निघालेली नाही. समजा असं आरक्षण निघालं, ज्यात सगळ्यात मोठ्या पक्षाकडे त्या प्रवर्गाचा नगरसेवकच नाही. तर चार जणांच्या पक्षाचा एखादा महापौर होऊन बसेल.

गोदाकाठचा

चार मतं चार ठिकाणी टाकणार होतोच, काका. अडचण अशी की निकालानंतर त्या चौघांचा एकच गट होणार नाही कशावरून? राज्यात एकत्र सत्तेत बसलेले इथे एकमेकांसमोर उभे आहेत. सोळा तारखेला संध्याकाळी कोण कुणाच्या मांडीवर बसेल याची खात्री कुणाला? माझ्या अख्ख्या युक्तिवादातला हा कच्चा दुवा आहे, कबूल करतो. म्हणून सुचवतो, प्रचाराला दारात येईल त्या प्रत्येकाला विचारा: निवडून आल्यावर गट कुणासोबत नोंदवणार?

पेन्शनर बाबू

महिन्याभरात नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे जाऊन आघाडी नोंदवता येते, निकालानंतरसुद्धा. आधी उत्तर देईल तो उमेदवार कसला!

पवननगरची वहिनी

विचारलं मी. आज सकाळी दोघं येऊन गेले. एक म्हणाला, 'साहेब सांगतील तसं.' दुसऱ्याने विचारलं, 'गट म्हणजे बचत गट का ताई?'

सातपूरचा भाचा

दुसऱ्याला द्या. त्याला अजून बाजार कळलेला नाही.

पेन्शनर बाबू

पहिल्याला द्या. निदान खरं बोलला. फक्त कोणते साहेब तेवढं विचारून ठेवा.

पवननगरची वहिनी

तेही विचारलं, काका. म्हणाला, सोळा तारखेला कळेल.