सोसायटीचा शिक्का आणि पवई तलाव

ए-६०२: नमस्कार. तलावाकाठी वॉकिंग ट्रॅक आणि व्हिजिटर सेंटर करा असं पत्र आपल्या सोसायटीच्या लेटरहेडवर गेलंय, आणि मला ते आज खाली भाजीवाल्याकडे उभी असताना दुसऱ्या बिल्डिंगच्या बाईंकडून कळलं. कोणाला विचारून? फोटो टाकलाय, शिक्का बघा.

सेक्रेटरी: काकू, मीटिंगमध्ये विषय झाला होता, आपण त्या दिवशी लवकर गेलात.

ए-६०२: लवकर म्हणजे रात्री साडेदहाला. तोपर्यंत लिफ्टच्या आरशावरच चालू होतं.

बी-११०३: पण यात वाईट काय आहे? पोरांना चालायला जागा कुठेय इथे, फुटपाथवर एकीकडून रिक्षा घासून जाते दुसरीकडून जलपर्णीचा वास

सी-२०४: ६ मे २०२२. हायकोर्टाने तलावाकडेचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला. झालेलं काम काढून जागा होती तशी करा असं पालिकेला सांगितलं. पत्र मागे घ्या.

बी-११०३: काका तो सायकलचा होता, हा चालायचा आहे

सी-२०४: पाणथळ जागेचे नियम चाकाला वेगळे आणि चपलेला वेगळे नसतात. पत्र मागे घ्या.

डी-५०१: मगरींना पण पास द्या. सकाळी ६ ते ८ ज्येष्ठ नागरिक, ८ नंतर मगरी

ए-३०१: हसण्यावारी नेऊ नका हो. मगरी ऊन खायला काठावर येतात, अंडीही काठाच्याच मातीत घालतात, तिथेच दगडाच्या जाळ्या भरून ट्रॅक टाकला तर त्यांनी जायचं कुठे, आपल्या पोडियमवर?

डी-५०१: आल्या तर पार्किंग चार्ज लावू हाहा

बी-११०३: बरं ट्रॅक सोडा. सेंटरला काय हरकत आहे, शाळेची मुलं येतील, पक्षी बघतील. माझ्या मुलीला वाटतं आपण हेच पाणी पितो

ए-३०१: १८९१ मध्ये इंग्रजांनी मुंबईला पाणी द्यायलाच बांधला होता, मग पाणी पिण्यालायक राहिलं नाही, आता ते आरे कॉलनीला आणि कारखान्यांना जातं. आणि जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, मशीन या टोकाला काढतंय तोवर त्या टोकाला पसरते. पत्र लिहायचंच होतं तर नाल्यांबद्दल लिहायचं ना.

सी-९०२: व्हिजिटर सेंटर राहू दे, आधी आपलं व्हिजिटर पार्किंग रिकामं करा. पांढरी गाडी कोणाची आहे रविवारपासून??

बी-११०३: माझ्या मेव्हण्याची. परवानगी घेतलीये.

सी-९०२: कोणाची, याच कमिटीची ना. मग झालंच.

बी-११०३: तुमच्या कुंड्या जिन्यात आहेत त्याची परवानगी दाखवा आधी

सी-२०४: ६ मे २०२२. पत्र मागे घ्या.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, विषयाला धरून बोलावे. सुधारित पत्र देऊ. पाण्यात आणि काठावर काहीही नको, नाले आधी, माहिती केंद्र झालंच तर रस्त्याच्या बाजूला. चालेल?

ए-६०२: मसुदा इथे टाका. शिक्का मारायच्या *आधी*.

ए-३०१: आणि नाल्यांचा मुद्दा पहिल्या ओळीत घ्या, शेवटी "तसेच" म्हणून नको.

सी-२०४: जुनं मागे घ्या.

सेक्रेटरी: काका, ते इनवर्ड झालंय.

सी-२०४: मग आउटवर्ड करा.