जुन्या गाडीवरचं 'पाटील, ९६ कुळी' काढू का राहू दे?

सुभाषनगरकर
दिवाळीआधी जुनी डिझायर घेतली. एमएच ०९, २०१४ चं मॉडेल. आमच्या घरातली पहिली चारचाकी, आणि कर्ज न काढता घेतलेली. मागच्या काचेवर आधीच्या मालकानं पांढऱ्या रेडियममध्ये वीतभर 'पाटील', खाली '९६ कुळी' आणि शेजारी राजमुद्रा करून घेतलीय. उद्या काढू, परवा काढू म्हणत तसंच राहिलं.

आम्ही चर्मकार. वडील चाळीस वर्षं चप्पल करतात. कापशी चपलेची वेणी घालायला बसले की अजून चष्मा लागत नाही त्यांना.

मागच्या रविवारी त्यांना घेऊन जोतिबाला निघालो होतो. वाटेत टपरीवर थांबलो, गाडीची पाठ टपरीकडं. चहावाल्यानं काच वाचली, फडक्यानं खुर्ची पुसली आणि वडिलांना म्हणाला, "बसा पाटील." मी गप्प बसलो. वडीलही बसले. त्यांच्या वडिलांना गावात चहा बाहेर उभं राहून, वेगळ्या कपात मिळायचा, हे मी लहानपणापासून ऐकलंय. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "काढू नकोस. कोण अडवत न्हाई तेवढ्यानं."

तेव्हापासून झोप नीट नाही. खोटं काही बोललो नाही, पण खुर्ची दुसऱ्याच्या नावावर घेतली. काय करू? आणि काढायचंच ठरवलं तर काच खराब न करता कसं काढतात?

उद्यमनगर रेडियम
दादा, आधी कामाचं सांगतो. मागच्या काचेला आतून वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा असतात, आत ब्लेड लावलं की तार तुटली. रेडियम बाहेरून असेल तर हेअर ड्रायरनं गरम करा, कोपरा नखानं उचला आणि काचेलगत सावकाश ओढा. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं निघतो. गरम करायचा कंटाळा केला की तुकडे पडतात.

अठरा वर्षं हेच करतोय. पूर्वी नंबर प्लेटवरच सगळं व्हायचं. ४९१२ वळवून 'पवार', ४१४१ चं 'दादा'. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीचीच हाय सिक्युरिटी प्लेट येते, तिला हात लावता येत नाही. ती हौस आता काचेवर आली. पसंतीच्या नंबराला पैसे मोजलेला माणूसही येतो आणि पहिला हप्ता भरलेला पोरगाही. पोरगं मोठं अक्षर मागतं. त्याच्या बापाला आयुष्यभर कुणी नावानं हाक मारलेली नसते, हे मला कळतं, म्हणून मी अक्षर मन लावून कापतो. पण तुमच्या काचेवरचं काढा. ते तुमचं नाही.

बावड्याचा पाटील
मी पाटील आणि मराठाच. आमच्या दोन गाड्यांवर नाव आहे, त्याची लाज नाही. पाटीलकी हे गावचं काम होतं. आपल्या जिल्ह्यात जैन पाटील आहेत, लिंगायत आहेत, मुसलमानही आहेत. नावाखालची ती दुसरी ओळ मात्र माणसं वेगळी काढायला लिहितात, ती मला कधीच पटली नाही.

एक विनंती. राजमुद्रा काढू नका. त्यात कुळ कुठं आहे? प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी, जगानं वंदिलेली, शहाजींचे पुत्र शिवाजी यांची ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते, एवढंच लिहिलंय. ती जेवढी माझी तेवढीच तुमच्या वडिलांची. फक्त चालवताना मागचं दिसेल अशी कोपऱ्यात छोटी लावून घ्या.

दसरा चौक
चहाचं वाचून थांबलो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी ह्याच कोल्हापुरात हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. महाराज प्यायले म्हटल्यावर बरोबरच्यांनाही प्यावा लागला. कांबळेंना आडनाव लपवायला लागलं नाही, चहा त्यांच्याच नावानं विकला गेला. आज त्याच गावात तुमच्या वडिलांना खुर्ची मिळायला काच वाचावी लागते, ह्याचा मला राग येतोय. तुमच्यावर नाही. वडिलांवर तर अजिबात नाही, त्यांनी जे सोसलंय त्यातनं ते बोलले. काढायच्या आधी त्यांच्याशी बोला. न सांगता काढू नका.

सुभाषनगरकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री वडिलांशी बोललो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच उठून बहिणीचा ड्रायर घेऊन आले. मी गरम करत होतो, ते ओढत होते. कातड्याचा हात आहे, एकही तुकडा पडला नाही. मुद्रा ठेवली.

रेडियमवाले दादा, एक अडचण आहे. गोंद पूर्ण निघालाय, बोट फिरवलं तर काही लागत नाही. पण आज पहाटे काचेवर दव होतं आणि त्यात 'पाटील' स्वच्छ वाचता येत होतं. वडिलांनी बाहीनं पुसलं. हे कशानं जातं?